बहात्तर पूर्णांक शून्य

मोजमापाचा शोध लागण्यापूर्वी जगात सगळं ठीक चाललं होतं. निदान ते ठीक चाललेलं नाही हे दाखवून देण्याची सोय कोणाकडे नव्हती. दूध तापलं की नाही हे बोट बुडवून कळायचं, आणि बोट भाजलं तर ते बुडवणाऱ्याचं खासगी दुःख असायचं. त्याचा आलेख निघत नसे आणि त्या आलेखावर कोणी सही मागत नसे. पुढे सेन्सर आले आणि कारखान्यांची मनःशांती गेली.

आमचा कारखाना दुधाचा आहे. गोठ्यांतून दूध येतं, ते आम्ही बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद ठेवतो, लगेच थंड करतो आणि पिशव्यांत भरतो. बहात्तरच का, तर त्याखाली दुधातले जंतू मरत नाहीत, नुसते उबेला बसतात. म्हणून तापलेल्या दुधाच्या नळीच्या शेवटी पेन्सिलीएवढा एक सेन्सर बसवलेला आहे आणि त्याच्यापुढे एक व्हॉल्व्ह. आकडा बहात्तरच्या खाली गेला की व्हॉल्व्ह खटकन उलटतो आणि दूध पुन्हा तापायला मागे पाठवतो. हा व्हॉल्व्ह स्वभावाने उद्धट आहे. दूध कोणाच्या सहीने पुढे चाललंय, हे तो बघत नाही.

मी या कारखान्याचा हेडक्लार्क. सेन्सरमधलं मला ओ की ठो कळत नाही, आणि याच गुणावर ‘तापमान स्थिरता समिती’च्या सचिवपदी माझी एकमताने निवड झाली. (ज्याला विषय कळतो तो बैठकीत बोलतो. मग बैठक लांबते.)

समिती नेमावी लागली, कारण दूध तापवायच्या आमच्या दोन्ही लाइनींवरचे आकडे एकाएकी नाचायला लागले. चौऱ्याहत्तर, एकाहत्तर, शहात्तर, एकोणसत्तर. व्हॉल्व्ह दर दोन मिनिटांनी उलटायचा, दूध गोल गोल फिरायचं, आणि दुपारी संपणारं काम दिवेलागणीपर्यंत पुरायचं. त्यात शाळांना आमचं दूध पुरवणाऱ्या मंडळाचं पत्र आलं. मुलं ती छोटी पाकिटं वर्गातच नळी खुपसून पितात, उकळायची सोय नसते, म्हणून यापुढे प्रत्येक खेपेबरोबर तापमानाचा आलेख जोडावा, आणि ‘आलेखाची रेघ शक्यतो सरळ असावी’. (कचेरीच्या भाषेत ‘शक्यतो’चा अर्थ ‘नाहीतर बघा’ असा होतो.)

पहिल्या बैठकीत समितीने दोषाचा उगम शोधला. उत्पादन विभाग म्हणाला, दोष सेन्सरचा. सेन्सरवाले म्हणाले, दोष विजेचा. वीजवाले म्हणाले, दोष बॉयलरचा. बॉयलरवाले म्हणाले, दोष दुधाचा, हल्ली ते येतानाच कमीजास्त थंड असतं. दूध गोळा करणाऱ्यांनी हे साफ नाकारलं आणि दोष गायींवर टाकला. गायींना बैठकीचं पत्र धाडावं का, यावर पाऊण तास चर्चा झाली. पत्राची पोच कोण देणार हा मुद्दा सुटला नाही, म्हणून विषय पुढच्या बैठकीकडे ढकलला.

दुसऱ्या बैठकीला सेन्सर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोलावण्यात आलं. कारखान्यात त्याला सगळे शंकासूर म्हणतात. त्याचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण हजेरी घेणाराही शंकासूर अशीच हाक मारतो आणि हाही ‘हजर’ म्हणतो. कोणताही आकडा दाखवा, हा मान तिरकी करून विचारणार, “पण खरंच?” अशा माणसाचं संसारात कसं होत असेल, याचं मला नेहमी कुतूहल वाटे. त्याला एक मुलगी आहे, माझ्या नातीच्याच वर्गात, तिसरीत.

शंकासुराने तीन दिवस घालवून तपासणी केली होती. वायरींचे स्क्रू आवळून पाहिले. सेन्सरच्या टोपणात पाणी शिरलंय का, ते पाहिलं. सेन्सरची वायर मोटरच्या वायरीला चिकटून जाते का, तेही पाहिलं. शेवटी सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात धरला, तर शून्य. उकळत्या पाण्यात धरला, तर शंभर. अर्धा अर्धा तास धरला, आकडा जरासुद्धा हलला नाही.

“साहेब, सेन्सर खरं बोलतोय,” तो म्हणाला. “दूधच खालीवर होतंय.”

“म्हणजे दोष कोणाचा?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“वाफेच्या व्हॉल्व्हचा. दोन्ही लाइनींचे एकाच वयाचे आहेत. आतली दांडी घासलीय, अडकत अडकत उघडतात. कधी वाफ कमी, कधी भसकन जास्त. एकेक लाइन दोन दिवस बंद ठेवा, मी खोलून नीट करतो.”

“आणि नुसता आकडा शांत करायला किती वेळ लागेल?”

“आकडा? तो काय, दोन मिनिटांत होईल. डँपिंग वाढवलं की झालं. पण साहेब, त्यानं दूध काही…”

“दोन दिवस आणि दोन मिनिटं,” साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. “लिहा.”

मी लिहिलं. ज्यांना डँपिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेन्सरमध्ये एक सोय असते. आत्ताचा आकडा आत्ताच न सांगता, मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून तो सबुरीने सांगतो. दोन सेकंदांचं डँपिंग म्हणजे शहाणपण. तीस सेकंदांचं म्हणजे मुत्सद्दीपणा. त्यापुढची पायरी आमच्या कारखान्यात प्रथमच गाठली गेली.

समितीने तीस सेकंद मंजूर केले आणि रेघ बरीच सरळ झाली. बरीच म्हणजे पूर्ण नव्हे. इथून पुढे आमच्या लोकांनी जे केलं त्याला मी गुप्तदान म्हणतो. सेन्सरचा आकडा दाखवणाऱ्या पॅनेलवरच्या सकाळपाळीच्या ऑपरेटरला वाटलं, आपल्या पाळीत एवढीशीही वाकडी रेघ नको. त्याने पॅनेलमध्ये स्वतःची पाच मिनिटांची सरासरी घातली आणि कोणाला सांगितलं नाही. दुपारपाळीवाल्यालाही तेच वाटलं, त्याने त्यात पाच मिनिटं वाढवली. तिसऱ्या पाळीवाल्याने आणखी पाच. कॉम्प्युटर विभागाने आलेख छापण्यापूर्वी अर्ध्या तासाची सरासरी घेतली. गुणवत्ता विभागाच्या बाईंनी सहीपूर्वी एका तासाची घेतली. मोठ्या साहेबांच्या फोनवर दिसणारा आकडा त्यांच्या भाच्याने बसवून दिला होता, तो मुळातच दिवसभराचा होता. एकूण सहा जणांनी, एकमेकांना न कळवता, कारखान्याच्या अब्रूवर सहा पांघरुणं घातली.

रेघ सरळ झाली. इतकी सरळ, की मंडळाच्या माणसाने आलेख उन्हात धरून ती पट्टीने आखली आहे का ते बघितलं. बहात्तर पूर्णांक शून्य. सोमवारी बहात्तर पूर्णांक शून्य, मंगळवारीही तेच. (शून्याच्या पुढे आणखी दोन शून्यं छापावीत अशी सूचना आली होती. नम्रपणे नाकारली.) व्हॉल्व्हसुद्धा पॅनेलवरचाच आकडा बघून चालत असल्याने त्याची खटखट थांबली. महिन्यात तो एकदाही उलटला नाही. मंडळाने आम्हाला प्रशस्तिपत्र दिलं, ते चौकटीत बसवून पॅनेलच्या वरच लावलं आहे.

इथे एक किरकोळ तांत्रिक बाब नमूद करणं भाग आहे. दूध तापवणारी वाफ कमीजास्त करणारं यंत्रही तोच आकडा बघतं. दूध थंड पडल्याची बातमी त्याला पंधरा मिनिटांनी मिळू लागली. मग ते वरातीमागून घोडं आणावं तसं भरमसाट वाफ सोडायचं, तोवर दूध आपोआप तापलेलं असायचं, ते आणखी तापायचं. मग वाफ बंद. मग दूध आणखी थंड. सारांश, आकडा जसजसा स्थिर होत गेला तसतसं दूध जास्त हेलकावू लागलं. पण हे कागदावर दिसत नसल्यामुळे समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हतं.

पुढे एके दिवशी बॉयलर वीस मिनिटं बंद पडला. वाफ नाही, तरी पहिली काही मिनिटं दूध बेधडक पुढे जात राहिलं आणि पॅनेलवर बहात्तर दिसत राहिला. वाफेशिवाय दूध तापवणारा हा बहुधा पहिलाच कारखाना असावा. मोठ्या साहेबांना ही घटना दुसऱ्या दिवशी सकाळी समजली, कारण फोनवरचा आकडा ७१.८ झाला. त्यांनी मला बोलावून गंभीरपणे विचारलं, “हे दोन दशांश कुठे गेले?”

शंकासूर मात्र गप्प बसेना. तो खिशात पारा भरलेला साधा थर्मामीटर घेऊन फिरायचा आणि नळीवर लावून बघायचा. पासष्ट. अठ्ठ्याहत्तर. एकसष्ट. हे आकडे त्याने कागदावर लिहून आणले. समितीने त्या कागदाचा सखोल विचार केला आणि असा निष्कर्ष काढला की आकडे अस्थिर आहेत, म्हणजे थर्मामीटर खराब आहे.

मग त्याने आपल्या मुलीला सांगितलं, “शाळेतलं दूध पिऊ नकोस.” मुलीने वर्गात कारण सांगितलं. बाईंनी मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापकांनी मंडळाला आणि मंडळाने आम्हाला. आरोपपत्र मीच तयार केलं. आरोप: ‘स्वतःच्या घरात उत्पादनाविषयी अविश्वास पसरवणे’. निलंबनाचा कागद घेताना त्याने मला एवढंच विचारलं, “हेडक्लार्कसाहेब, तुमची नात पिते का हो ते दूध?”

“पिते की. आवडीने पिते,” मी म्हणालो.

त्याने मान तिरकी केली आणि गेला. त्या दिवसाच्या इतिवृत्तात मी नोंद केली की अस्थिरतेचं मूळ कारण कारखान्याबाहेर काढण्यात आलं आहे.

पुढच्या महिन्यात शाळेचा हजेरीपट नाचायला लागला. तिसरीच्या वर्गात कधी चाळीस मुलं, कधी बावीस, कधी एकतीस. पोटदुखी, जुलाब, ताप. मुख्याध्यापक काळजीत पडले. आमच्या समितीची कीर्ती त्यांच्या कानावर होतीच, त्यांनी सल्ला विचारला. आम्ही सगळ्या शाळेची वर्षाची सरासरी सुचवली. हजेरी लगेच सुधारली. मुख्याध्यापकांचं आभाराचं पत्र आलं, तेही मी फाईलला लावलं. आपली पद्धत दुसऱ्याच्या उपयोगी पडते यासारखं समाधान नाही.

मग एका रविवारी दुपारी आमची नात तापली. मी थर्मामीटर लावला, एकशे दोन. पुन्हा लावला, एकशे एक. पुन्हा, एकशे तीन. अनुभवी माणूस अशा वेळी घाबरत नाही. मी घरातल्या सगळ्यांना थर्मामीटर लावला. माझा सत्त्याण्णव पूर्णांक आठ, बायकोचा अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन, मुलाचा अठ्ठ्याण्णव, सूनबाईंचा अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक. नातीचा एकशे तीन धरून पाच जणांची सरासरी काढली, नव्व्याण्णव आली. मी सगळ्यांना समजावून सांगितलं की कुटुंबाला किरकोळ कणकण आहे, काळजीचं कारण नाही.

“अहो, तुमची सरासरी घाला चुलीत!” बायको ओरडली. “पोर फणफणलीय, डोळे उघडत नाहीये, आणि तुम्ही पाढे कसले म्हणताय? उठा, गाडी बोलवा!”

तीस वर्षांत तिने माझ्या कुठल्याही कागदाला हात लावला नव्हता. त्या दिवशी तिने माझ्या हातातला कागद घेतला, चुरगाळला आणि त्याने नातीची ओकारी पुसली.

दवाखान्यात बाकावर आधीच नऊ मुलं होती. सगळी त्याच शाळेतली. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाला विचारलं तेच मला विचारलं, “बाहेरचं काय खाल्लं-प्यायलं होतं?” मला उत्तर माहीत होतं. त्या बाकावरच्या सगळ्या आईबापांत ते फक्त मलाच माहीत होतं. नातीच्या हाताला सुई टोचत होते आणि ती ‘आजोबा, नको’ म्हणत माझं बोट धरून होती. मी म्हणालो, “काही विशेष नाही.” हे बोलताना माझा आवाज अगदी स्थिर होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. हे वाक्य अहवालात बसत नाही, पण इथे राहू दे.

चौथ्या दिवशी ती उठून बसली. पाचव्या दिवशी मी मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा न विचारता बोललो. सगळं सांगितलं. थर्मामीटर, बाक, नऊ मुलं, दहावी आमची. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“हे बघा,” ते म्हणाले, “आपण आपल्या मनाने काही ठरवायचं नाही. लोकांना विचारू. ज्यांच्या तोंडात दूध जातं ते सांगतील तसं.”

लोकमताची व्यवस्था अशी ठरली. शंकासुराला आठ-दहा दिवसांपुरतं परत बोलवायचं. पहिली लाइन दोन दिवस बंद ठेवून त्याने वाफेचा व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा, सगळ्या सरासऱ्या काढून टाकायच्या, आणि त्या लाइनीच्या प्रत्येक पिशवीवर खरं तापमान छापायचं, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त. दुसरी लाइन आहे तशीच ठेवायची आणि तिच्या पिशवीवर ७२.० छापायचं. दर तोच, रंग तोच. दोन्ही पिशव्या दुकानात शेजारी शेजारी ठेवायच्या. आठ दिवसांत पहिलीला गिऱ्हाईक मिळालं, तर दुसरी लाइनही दुरुस्त करायची, शाळेलाही तेच दूध द्यायचं आणि शंकासुराला कायमचं परत घ्यायचं. नाही मिळालं, तर विषय संपला.

शंकासूर आला. त्याने दोन दिवस व्हॉल्व्ह खोलून, दांडी बदलून, पुन्हा बसवला. सहाही पांघरुणं त्याने एकेक करून काढली. पाचवं निघालं तेव्हा तो हसायला लागला आणि सहावं सापडल्यावर हसायचा थांबला. पहिल्या लाइनीचं दूध आता ७२.६ आणि ७५.१ यांच्या मधे राहू लागलं, एकदाही खाली नाही. गुणवत्ता विभागाच्या बाईंनी तपासलं, जंतू नाहीत. दुसऱ्या लाइनीच्या दुधात जंतू किती होते? ते मोजल्यास आकडा अस्थिर येण्याची शक्यता होती, म्हणून मोजले नाहीत.

नोंद ठेवायला दुकानात कोणीतरी बसणं आवश्यक होतं. मीच बसलो. आठ दिवस, सकाळी सहापासून, बिस्किटांच्या कपाटाजवळ स्टुलावर, मांडीवर वही घेऊन. रोज संध्याकाळी कारखान्याच्या गेटावर शंकासूर विचारायचा, “किती गेल्या?” त्याचं तोंड बघून मला आकडा सांगवत नसे. दुसऱ्या लाइनीच्या पिशव्या साडेसातला संपायच्या. पहिल्या लाइनीच्या शंभरातल्या सहा जायच्या. (त्यांतल्या दोन माझी बायको न्यायची.) उरलेल्या चौऱ्याण्णव संध्याकाळी परत यायच्या, फुगलेल्या, आंबलेल्या. शुद्ध दूध टिकतं, पण कोणी नेलंच नाही तर तेही नासतं.

आठ दिवसांत मला फारसं कोणी ओळखलं नाही. तुम्हीही नाही. तुम्ही बुधवारी आला होता, घाईत होता, सोबत लहान मुलगी होती, पाठीला दप्तर. तुम्ही आधी पहिल्या लाइनीची पिशवी उचललीत. ती उलटी करून ‘७२.६ ते ७५.१’ हे वाचलंत आणि तुमच्या कपाळाला आठी पडली. तुम्ही दुकानदाराला म्हणालात, “हे काय, यांचं यांनाच नक्की माहीत नाही का?” मग ती खाली ठेवलीत, ७२.० घेतलीत, आणि मुलीला म्हणालात, “चल, उशीर होतोय.” हे सगळं मी वेळेसकट वहीत लिहून घेतलं आहे, सात वाजून दहा मिनिटं. मला उठून तुमचा हात धरता आला असता. पण मी नोंद ठेवायला बसलो होतो.

लोकमत स्पष्ट होतं. समितीने ते जसंच्या तसं स्वीकारलं. पहिल्या लाइनीवर सहाही सरासऱ्या पुन्हा बसवल्या, त्या आता नियमात आहेत. शंकासुराला कायमचं मोकळं केलं. त्याने कुठेतरी पंखे दुरुस्तीचं दुकान काढलंय असं ऐकतो. माझ्या नातीला आम्ही घरून डबा देतो. शंकासुराची मुलगी शाळेतल्या दुधाला अजून हात लावत नाही. तुमची पिते.